एक पायरी खाली

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत विठ्ठलाचं एक देऊळ आहे. बाहेरून ते देऊळ वाटत नाही. खाली साड्यांचं होलसेल दुकान, शेजारी अस्तराच्या कापडाची गोदामं, मधून वर जाणारा अरुंद जिना. पाटी कन्नडमध्ये. जिना चढून गेलं की टाळांचा आवाज येतो आणि मराठी माणसाला आपण एकदम पंढरपूरच्या मठात आल्यासारखं वाटतं. बसलेल्यांच्या हातात अभंगांची छोटी पुस्तकं असतात. शब्द तुकोबांचे, लिपी मात्र कन्नड.

१६३८मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यानंतर सत्ता किती बदलल्या, पण इकडे येऊन राहिलेली मराठी घरं राहिलीच. नामदेव शिंपी आणि भावसार समाजांत घरी आजही मराठी बोलतात. कानडी हेल, कानडी क्रियापदं आणि मधूनच एखादा आजोबांच्या काळचा शब्द. देवनागरी वाचता येणारं घरात एखादंच. दिंडी उत्सव मात्र चुकत नाही, आणि उत्सव म्हटला की महाराष्ट्रातून कीर्तनकार बोलावणं आलंच.

यंदाच्या अंकाचा विषय ‘बोलणाऱ्याचा अधिकार’ ठरला, तेव्हा संपादकांच्या मनात पुढारी आणि वाहिन्यांवरचे निवेदक होते. पण त्यांच्यापुढे माणसं हाताची घडी घालून बसतात. मला पाहायचे होते ते लोक, ज्यांच्यापुढे माणसं आपणहून मान खाली घालून बसतात. कीर्तनकार, पाद्री, इमाम, पुराणिक. या मंडळींनी अधिकारवाणीनं बोलावं की नमतं घेऊन? बेंगळुरूत हे सगळे सिटी बसच्या एका दिवसाच्या पासात ऐकता येतात, म्हणून हे शहर.

देवळात कीर्तनाला उभे राहिलेले महाराज आळंदीत शिकलेले, वयानं पंचविशीचे. पांढरं धोतर, सदरा, उपरणं, फेटा. देवस्थानचे पंच, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, पुढे झाले, त्यांनी हार घातला आणि नातवाच्या वयाच्या त्या मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनीही वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग नेहमीची सुरुवात: माझा अधिकार नाही, मी तुमचं लेकरू, संतांनी बोलवून घेतलं ते बोलतो, चुकलंमाकलं पदरात घ्या.

पुढचा तासभर या लेकरानं सगळ्यांना फैलावर घेतलं. आयटीत पगार घेणारी पोरं, आईबापांना वृद्धाश्रमात ठेवणाऱ्या सुना (मुलगे यात कुठे नव्हते), मुलींचे कपडे, उशिरा होणारी लग्नं. लोक हसत होते, माना डोलावत होते. मागच्या रांगेतल्या, ऑफिसातून थेट आलेल्या दोन मुली फक्त समोर पाहत होत्या.

आणि मग एक गोष्ट घडली. महाराजांनी ज्ञानेश्वरीतली एक ओवी प्रमाण म्हणून घेतली आणि तिचे दोन चरण उलटेपालटे झाले. मागे उभ्या टाळकऱ्यांत एक म्हातारे शिंपीमामा होते, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांनी डोळे न उघडता ओवी बरोबर उचलली आणि चालीवर म्हटली. बाकीचे टाळकरी त्यांच्यामागे गेले. महाराज थांबले. मामांकडे वळून त्यांनी हात जोडले, ओवी पुन्हा नीट म्हटली आणि पुढे गेले. सगळं मिळून अर्धं मिनिट. सुरुवातीच्या त्या लांबलचक ‘माझा अधिकार नाही’पेक्षा या अर्ध्या मिनिटात जास्त नम्रता होती.

प्रसादाला द्रोणात गोड पोंगल होतं. महाराज पुन्हा साधा, थोडा लाजरा मुलगा झाले होते. मी विचारलं, “महाराज, अधिकार नाही म्हणता आणि मग इतकं ठासून कसं बोलता?” ते हसले. “ते म्हणावंच लागतं, माउली. आणि मी माझं कुठं सांगतो? संतांचं सांगतो. माझं सांगायला लागलो तर लोक उठून जातील.”

उत्तर प्रामाणिक होतं. पण मुलींच्या कपड्यांचा भाग कोणत्या संतांचा, हे मात्र विचारायचं मनातच राहिलं, कारण तोवर पाया पडणाऱ्यांची रांग लागली होती.

गादी कुणाची

कीर्तनकार उभा राहतो ती जागा त्याची नसते, असं कीर्तनाची परंपराच सांगते. नारदीय कीर्तनात ती नारदाची गादी. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तो मान गादीला. पुराण सांगणाऱ्यांत तर असा संकेत आहे, की व्यासपीठावर बसलेल्यानं विषय पुरा होईपर्यंत कुणापुढे वाकू नये, मग समोर वडील का असेनात. तेवढा वेळ तो तो नसतो, व्यास असतो. वारकऱ्यांनी हे थोडं वेगळं केलं. त्यांच्याकडे सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, त्यामुळे कोण वर नि कोण खाली हा हिशेब तिथल्या तिथे फिटतो.

कल्पना सुरेख आहे. बोलणाऱ्याला पूर्ण अधिकार द्यायचा, पण उसना. गादीवरून उतरला की परत करायचा. अडचण इतकीच, की उसन्या अधिकाराखाली माणूस आपला मालही खपवतो. अभंगाचं निरूपण चाललेलं असतं, पाठोपाठ दृष्टांत येतो, दृष्टांतातून गावातली गोष्ट, गोष्टीतून बुवांचं मत, आणि हे सगळं एकाच आवाजात, एकाच पट्टीत. संत कुठे संपले आणि बुवा कुठे सुरू झाले, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. बऱ्याचदा बुवांनाही कळत नसावं.

जुन्या लोकांना हा धोका माहीत होता. १२९०च्या सुमारास नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा समोर निवृत्तिनाथ होते, संतमंडळी होती, आणि ग्रंथात हे श्रोते गप्प बसत नाहीत. वक्ता प्रस्तावनेत रमला की ते त्याला विषयावर आणतात. ज्ञानेश्वरही वारंवार स्वतःकडे लहानपण घेतात, पण त्या लहानपणाला समोर खरोखरीचे मोठे आहेत. दासबोधात श्रोते पदोपदी आशंका काढतात आणि समर्थांना ती फेडावी लागते. चौदाव्या दशकात तर कीर्तन कसं करावं यावर स्वतंत्र समासच आहेत. १६१६मध्ये फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. गोव्याच्या साष्टी भागात ते चर्चमध्ये वाचलं जाई. त्या जेझुइट पाद्र्यानंही मराठी पुराणाची बांधणी घेताना प्रश्न विचारणारे श्रोते आत बसवले. उत्तरं अर्थातच पाद्र्याच्या बाजूची. तरी शंका घेणाऱ्याला जागा ठेवावी लागते, एवढं त्याला मराठी मुलखात राहून समजलं होतं.

विष्णुबुवा जोगांनी १९१७मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथला अभ्यास चार वर्षांचा. गाथा, ज्ञानेश्वरी पाठ करायची, ती का? कीर्तनात वाटेल ते बोलता येऊ नये, बोललेल्याला प्रमाण देता यावं, म्हणून. शिंपीमामा आळंदीला कधी शिकले नाहीत, पण त्यांच्या कानात तीच शिस्त आहे. कीर्तनकाराच्या पाठीमागे उभं राहून त्याची चूक सर्वांदेखत, गाऊन, दुरुस्त करणारा माणूस असतो, ही सोय जगातल्या फारशा व्यासपीठांवर नसेल.

मात्र शिंपीमामा ओवी दुरुस्त करू शकतात, मत नाही. मुलींच्या कपड्यांना चाल नसते.

पल्पिट आणि आठ मिनिटं

कॅंटोन्मेंटकडे आलं की शहराचा पोत बदलतो. क्युबन रोडवर १८६६चं सेंट अँड्र्यूज चर्च उभं आहे, स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी बांधलेलं. त्या पंथात वेदीपेक्षा वचनाला मान, म्हणून बोलणारा उंचावर. पायऱ्या चढून पल्पिटवर जायचं आणि खाली बसलेल्या साहेबांना, शिपायांना तास तासभर ऐकवायचं, असा तो काळ. आता शहरातल्या बऱ्याच चर्चमध्ये पाद्री पल्पिट चढत नाहीत. खालीच, पहिल्या बाकापाशी उभे राहून गळ्यातल्या माइकवर बोलतात. जिना झाडला जातो, वापरला जात नाही.

ख्रिस्ती परंपरेत हा वाद मुळापासून आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन संपतं, तेव्हा लोक थक्क होतात, कारण येशू शास्त्र्यांसारखा आधार देत देत बोलत नाही, स्वतःच्या अधिकारानं बोलतो. उलट पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की मी तुमच्याकडे आलो तो दुबळा, भीत भीत, कापत कापत. पाद्र्यानं यांपैकी कोणाचा कित्ता गिरवायचा? येशूचा गिरवावा तर आपण येशू नाही. पौलाचा गिरवावा तर रविवारी सकाळी कापणाऱ्या माणसाचं ऐकायला कोण येणार?

मिलर्स रोडवर १९१० साली स्थापन झालेलं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. शहरात अशा आणखीही संस्था आहेत, प्रॉटेस्टंटांच्या नि कॅथलिकांच्या, त्यामुळे देशभरातले होऊ घातलेले पाद्री इथे भेटतात. त्यांतल्या एका संस्थेत मी प्रवचनाच्या तासाला बसलो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मग प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, की यानं काय सांगितलं. वाक्यं जुळली नाहीत तर प्रवचन फसलं. मुलगे बोलले ते बहुतेक छाती काढून. त्यांना सर थोपवत होते: हे वचनात आहे की तुझ्या वडिलांचं आहे? मुलगा गडबडायचा. वचनाच्या खाली पेन्सिलीनं रेघ मारून आणायची आणि रेघेबाहेरचं बोलताना ‘मला वाटतं’ म्हणायचं, असा तिथला नियम.

नंतर ईशान्येकडची एक मुलगी उभी राहिली. तिनं सुरुवातच केली, की मी फार लहान आहे, मला फारसं कळत नाही. सरांनी तिथेच थांबवलं. म्हणाले, हे वाक्य काढ आणि पुन्हा सुरू कर. वर्ग हसला, ती हसली नाही. तिनं पुन्हा सुरुवात केली, सरळ वचनापासून, आणि छान बोलली. तासानंतर ती मला म्हणाली, की नम्रतेचं शिक्षण आम्हाला घरी, शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे मिळालेलं असतं, इथे आम्ही दुसरं काहीतरी शिकायला येतो.

तोवर माझा कल नम्रतेकडे होता. तिच्या या वाक्यानं तो प्रश्नच मला नव्यानं मांडावा लागला. चर्च ऑफ साउथ इंडियात पहिली स्त्री बिशप झाली ती २०१३मध्ये, नंद्यालला पुष्पा ललिता. कॅथलिकांच्या मिस्सात प्रवचन फक्त दीक्षा घेतलेल्यानं करायचं, म्हणजे स्त्रीनं नाहीच. ज्यांना आजवर पल्पिटवर उभंच राहू दिलं नाही त्यांना ‘जरा नमून बोला’ सांगणं, याला नम्रता म्हणत नाहीत. नम्र होण्यासाठी आधी काहीतरी हातात असावं लागतं.

कॅथलिकांकडे दुसरी एक तरतूद आहे, ती मला कीर्तनातल्या प्रमाणाहून पक्की वाटते. कोणत्या रविवारी कोणते उतारे वाचायचे ते तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेलं असतं. पाद्र्याला आवडो न आवडो, त्या दिवशीच्या उताऱ्यावरच बोलायचं. गेल्या आठवड्यात मंडळीत कुणाशी भांडण झालं म्हणून या आठवड्यात त्याला टोचणारा उतारा काढता येत नाही. शिवाय वेळ. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४मध्ये जाहीरच सांगितलं, की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोक झोपतात आणि त्यात लोकांची चूक नाही.

शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकेत २९ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत यात्रा असते. भगव्या साड्या नेसलेल्या बायका, मेणबत्त्यांचे ढीग, नवसाच्या वस्तू. अंगणात उभं राहिलं तर कोल्हापूरच्या जोतिबाची आठवण यावी. मिस्सा अनेक भाषांत होतात. या शहरात चर्चमधली भाषा हा स्वतंत्र वाद आहे, कन्नड आधी की तमिळ, यावर दशकानुदशकं भांडणं झाली आहेत. मी उभा होतो तेव्हाचं प्रवचन तमिळमध्ये होतं. मला शब्द कळत नव्हता, पण एक गोष्ट कळली. पाद्री वाक्य अर्धं सोडत होते आणि गर्दी ते पुरं करत होती. शेजारच्या फुलवालीला विचारलं तर ती म्हणाली, सगळं ठाऊकच असतं हो, आपण म्हणायचं, त्यांनी म्हणायचं.

हे आपल्याकडच्या पाद्र्यांनी फार आधी ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनं सुरू झाली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती वाढवली. साहेबी प्रवचनात श्रोत्याला काम नसतं, कीर्तनात असतं. टिळक तर पुढे गेले. १९१७मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले, सगळ्यांसाठी. बोलण्याचा अधिकार पगारातून येत असेल तर तो नको, हा त्यातला हिशेब. दोन वर्षांत ते गेले.

बेंगळुरूतच पॉल देवानंदन यांनी १९५७पासून धर्म आणि समाज यांच्या अभ्यासाची संस्था चालवली, शेजारधर्मीयांशी बोलायचं तर आधी ऐकायचं, या पायावर. इथेच शिकवलेले स्टॅन्ली समर्था १९७१मध्ये जिनिव्हाला, जागतिक चर्च परिषदेच्या आंतरधर्मीय संवाद विभागाचे पहिले संचालक झाले. आपल्याकडेच सत्य संपलं असं न मानता आपल्या श्रद्धेवर ठाम राहता येतं, हे ते आयुष्यभर मांडत राहिले. आज शहराच्या कडेला एलईडी पडदे लावलेली मोठमोठी प्रार्थनागृहं उभी राहिली आहेत. तिथे बोलणारा पडद्यावर वीस फूट उंच दिसतो. स्टॅन्ली समर्था यांचं नाव तिथे ऐकू येईल असं वाटत नाही.

मिंबरच्या पायऱ्या

मशिदीत शुक्रवारच्या खुतब्याला, म्हणजे इमामाच्या प्रवचनाला, श्रोत्यानं अक्षर बोलायचं नसतं. शेजारच्याला ‘गप्प बस’ म्हणणंही गप्पा मारण्यातच जमा, अशी हदीस आहे. म्हणजे इथे टाळकरी नाही, वाक्य पुरं करणारी गर्दी नाही. पण सिटी मार्केटजवळ शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी, दखनीत, मला मिंबरची, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांच्या व्यासपीठाची, गोष्ट सांगितली. पैगंबरांच्या मिंबरला तीन पायऱ्या होत्या. त्यांच्यानंतर अबू बक्र उभे राहिले ते एक पायरी खाली, उमर त्याहून एक खाली. “उप्पर खडे रैनेकी हिंमत कौन करेंगा?” चाचा म्हणाले.

अबू बक्र यांचं खलिफा म्हणून पहिलं भाषण प्रसिद्ध आहे. तुमच्यावर मला नेमलं आहे, पण मी तुमच्यातला सर्वोत्तम नव्हे, बरोबर वागलो तर साथ द्या, चुकलो तर सरळ करा, असा त्याचा आशय. कीर्तनकाराच्या ‘चुकलंमाकलं पदरात घ्या’शी हे ताडून पाहा. तिथे क्षमा मागितली आहे, इथे दुरुस्ती.

मंकुतिम्माशी बोलणारा

बसवनगुडीकडे बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. गोखले म्हणजे आपलेच गोपाळ कृष्ण गोखले. डी. व्ही. गुंडप्पा, सगळ्या कर्नाटकाचे डीव्हीजी, यांनी १९४५मध्ये ती उभी केली आणि तिथे गीतेवर वर्षानुवर्षं बोलले. त्या विवेचनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पत्रकार माणूस, संन्यासी नव्हे, मठाधिपती नव्हे. गीतेवर बोलायला त्यांना कुणी गादी दिली नव्हती.

त्यांचं १९४३मध्ये आलेलं ‘मंकुतिम्मन कग्ग’ बेंगळुरूत अजून घरोघरी आहे. रिक्षाच्या पाठीवर त्यातल्या ओळी दिसतात, बागांत सकाळी त्यावर प्रवचनं होतात. त्यातली युक्ती अशी, की उपदेश श्रोत्याला नाही. तो मंकुतिम्मा नावाच्या एका मठ्ठ माणसाला केलेला आहे, आणि तो मठ्ठ माणूस म्हणजे कवीच. नऊशेहून जास्त चौपद्यांत डीव्हीजी स्वतःचीच कानउघाडणी करतात. ऐकणारा बाजूला बसलेला, त्याला वाटलं तर त्यानं आपल्यापुरतं घ्यावं.

याच रस्त्यांवर रामनवमीच्या दिवसांत हरिकथा होतात, पानक आणि कोसंबरी खात ऐकायच्या. दास कन्नडमध्ये कथा सांगतात आणि मध्येच साकी, दिंडी, ओवी गातात. ही वृत्तं तंजावरच्या मराठी दरबारातून आली. मोरगावच्या रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार एकोणिसाव्या शतकात तिकडे गेले, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यांची पद्धत उचलली आणि दक्षिणेची हरिकथा आजच्या रूपात घडली. आपण दिलं आणि विसरलो, त्यांनी घेतलं आणि नावासकट जपलं. असो. हरिकथेत दास राजा होतो, राक्षस होतो, रडतो, विनोद करतो. उपदेश पात्रांच्या तोंडी जातो आणि बोलणारा मोकळा राहतो. नम्रतेचा हाही एक मार्ग आहे, आणि ऐकायला सर्वांत गोड.

पडद्यावरचे महाराज

देवळातल्या त्या मागच्या रांगेतल्या मुली पुन्हा जिन्यात भेटल्या. एक म्हणाली, आजीसाठी येते, आणि महाराजांना काही विचारायचं तर कुठं विचारायचं? यूट्यूबवर निदान खाली लिहिता तरी येतं.

यूट्यूबनं मात्र कीर्तनाचं दुसरंच काही करून ठेवलं आहे. दोन तासांच्या कीर्तनातून चाळीस सेकंद कापले जातात, आणि कापले जातात ते नेमके बुवांच्या मतांचे. अभंग वगळला जातो, टाळकरी चौकटीबाहेर जातात. उरतो तो बोट रोखून बोलणारा एकटा माणूस. उसनी गादी तो घरी घेऊन गेलेला असतो.

फेब्रुवारी २०२०मध्ये निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर, यांच्या एका कीर्तनातलं विधान गाजलं. सम-विषम तिथी आणि मुलगा-मुलगी यांबद्दलचं. टीका झाल्यावर ग्रंथांचा आधार पुढे करण्यात आला, मग महाराजांनी लेखी दिलगिरी दिली, प्रकरण कोर्टात गेलं. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. मला त्यात दिसली ती जुनीच जागा: हे माझं नाही, ग्रंथातलं आहे. ज्या कीर्तनात गर्भाविषयी, औषधाविषयी, मतदानाविषयी असं बोललं जातं, तिथे मागचे टाळकरी गप्प राहतात, कारण त्यांना ओव्या पाठ असतात, वैद्यक नाही.

मग उत्तर काय? माझ्यापुरतं असं. वचनाविषयी बोलताना भीड नको. ओवी काय सांगते ते ठासून सांगावं, चाचरत सांगणारा श्रोत्याचा वेळ खातो. पण वचन संपून आपलं सुरू झालं, की तसं सांगावं, त्या वर्गातल्या पेन्सिलीच्या रेघेसारखं. हे न करता नुसतं ‘मी पामर’ म्हणणं हा शिष्टाचार झाला, आणि त्या शिष्टाचाराआड दडपून बोलणं फार सोपं असतं. दुसरं म्हणजे बोलणाऱ्याला अडवणारा कुणीतरी त्याच व्यासपीठावर हवा. तो नसेल, तर बोलणारा मनानं कितीही नम्र असला तरी काही वर्षांत बिघडतो. मनाच्या नम्रतेवर मंडळं चालत नाहीत.

खराट्याचा अधिकार

हे सगळं ज्या एका माणसात मराठीनं पाहिलं, ते गाडगे महाराज. जन्मानं परीट, शाळा नाही, दीक्षा नाही, गादी नाही. डोक्याला फुटक्या मडक्याचा तुकडा, हातात खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तन. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. माझा कुणी शिष्य नाही, मी कुणाचा गुरू नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आणि तसे वागलेही. पंढरीला त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावानं सांप्रदायिक गादी चालली नाही.

एवढा माणूस बोलायला लागला की मात्र नमतं घेत नसे. सावकाराचं कर्ज काढून देवाला बकरं कापणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला, पोराला शाळेत न घालणाऱ्याला तो सगळ्यांसमोर झोडपून काढी. जेवायचं ताट विकावं लागलं तरी चालेल, पण पोराला शिकवा, हे त्यांनी विनंती म्हणून सांगितलं नाही. विदर्भातल्या कुणब्यापासून मुंबईतल्या अंमलदारापर्यंत लोकांनी ते ऐकून घेतलं.

त्यांची पद्धत नीट पाहिली तर लक्षात येतं, की उपदेश ते स्वतः पुरा करतच नाहीत. ते प्रश्न विचारतात. साधा, पोराला विचारावा तसा प्रश्न. लोक उत्तर देतात. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न. चार प्रश्नांत समोरचा स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, की आपण करतो ते खुळ्यासारखं आहे. ग्रंथाचा आधार ते फारसा घेत नाहीत, तुकोबांचा एखादा अभंग आणि गजर एवढंच. निवाडा लोकांच्या तोंडून येतो आणि लोकांचा म्हणूनच तो लोकांना बांधतो. श्रोता ‘नाही’ म्हणाला तर कीर्तन तिथेच अडेल, ही जोखीम ते दर रात्री घेत.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, ते गेले. ते कीर्तन आज सहज ऐकायला मिळतं. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन ते ऐका, आणि महाराजांच्या आवाजापेक्षा समोरच्या पोलिसांच्या नि त्यांच्या बायकामुलांच्या उत्तरांकडे कान द्या. मग तुमच्या गावच्या पुढच्या सप्ताहाच्या बैठकीत एवढं एकच सुचवा: कीर्तन संपल्यावर, आरतीच्या आधी, दहा मिनिटं महाराजांना विचारण्यासाठी ठेवा.